दोन गौरींचे फेर

भिवंडीतल्या कामतघरच्या आमच्या घरातली, आज पन्नाशीला टेकलेली सगळी चुलत-आते भावंडं एकाच ओटीवर नाच शिकली, आणि तो कुणी शिकवला हे कुणालाच सांगता येत नाही. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर तेरड्याची गौर घरी यायची. दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद्य व्हायचा, पंगती उठायच्या, भांडी घासून पालथी पडायची आणि आजी पदर खोचून उभी राहायची. वाजंत्री नव्हतीच. एकीनं गाणं सांगायचं, बाकीच्यांनी झेलायचं. टाळी आणि पायाची थाप एवढ्यावर रात्र सरायची.

पावलं सोपी. दोन पावलं आत, कमरेतून वाकून टाळी, मग वाकल्या-वाकल्या मागे सरायचं. आमच्या काकीचं म्हणणं असं की हे मागे सरणं भातलावणीचं आहे. लावणी करणारी बाई पुढे कधी जात नाही, रोवलेल्या आवणाकडे तोंड ठेवून मागे मागे सरकते. आम्हां आगऱ्यांचं सारं आयुष्य मिठागरात आणि भाताच्या खाचरात गेलं, त्यामुळे तिचं म्हणणं आम्हांला पटतं. पाय चुकला की आम्ही पोरं खाली बघायचो आणि आजीचा आवाज यायचा, “पाय नको बगू, समोरचीचा तोंड बग!” समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर पुढचं पाऊल आधी उमटतं, हे तिला ठाऊक होतं.

गाणं सांगायला बहुतेक वेळा धवलारीण असायची, म्हणजे आमच्या लग्नांत धवले म्हणणारी तीच बाई. तिच्याकडे जुनी गाणी होती आणि जुन्या चालीवर नवं घालायचा धीरही होता. रात्रपाळीचे माग, सुताचा भाव, कुणाच्या सुनेची कल्याणला चुकलेली गाडी, सगळं त्या फेरात यायचं. ज्या घरातली गोष्ट असेल त्या घरची बाई फेरातच असायची आणि तीही हसत टाळी द्यायची. सासूबद्दल जे चुलीपाशी बोलता येत नव्हतं, ते सासूचाच हात धरून गाता येत होतं. नाचाचा हा उपयोग आम्हांला फार उशिरा कळला.

गौर वऱ्हाळा तलावात विसर्जित झाली की जेमतेम तीन आठवड्यांनी शेजारच्या पद्मनगरात दुसरी गौर यायची. तेलंगणातून मागावर काम करायला आलेल्या पद्मशाली घरांची ती वस्ती. भाद्रपदाच्या अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत तिथे बतुकम्मा चाले. पितळी ताटात फुलांचे थरावर थर चढवून शंकूसारखी रास करायची आणि टोकावर हळदीची गौरम्मा बसवायची. त्या फुलांत एक मान कुरडूचा. कुरडू आमच्या ओळखीचा. पाऊस ओसरताना खाचरांच्या कडेनं आणि माळावर तो माजायचा. तो कुठे दाट आहे हे आम्हां पोरांना माहीत, म्हणून आमच्या चाळीतल्या भाडेकरू अक्का आम्हांलाच धाडायच्या. भारे आले की त्या पांढरट तुऱ्यांचे शेंडे गुलाबी, जांभळ्या रंगात बुडवत. दिवसभर कांडी भरून बोटांना घट्टे पडलेल्या बायका ते तुरे इतक्या हळुवार हातानं रचत की बघत राहावं.

संध्याकाळी ताटं मध्ये ठेवून भोवती फेर. इथेही वाद्य नाही, इथेही एकीनं सांगायचं, इथेही वाकून टाळी. प्रत्येक ओळीमागे बाकीच्यांनी ‘उय्यालो’ म्हणायचं. आमच्या आत्याला तेलुगूचं अक्षर कळत नव्हतं, पण पहिल्याच संध्याकाळी ती त्या फेरात शिरली आणि तिचं पाऊल कुठे अडलं नाही. शेवटच्या दिवशी चिंचेचा, तिळाचा, नारळाचा असे भात वाटले जायचे आणि ही गौरही त्याच वऱ्हाळ्यात जायची. पुढे 2014 साली तेलंगणा राज्य झालं आणि बतुकम्मा तिथला राज्य उत्सव ठरला, तेव्हा टीव्हीवर ती गर्दी बघताना आत्या घरातल्यांना नावानिशी फुलं सांगत होती.

मोठं झाल्यावर असे फेर सगळीकडे दिसू लागले. देशावर पाटावरच्या हत्तीभोवती भोंडला, गुजरातेत दिव्याच्या गरब्याभोवती गरबा. आपल्याच जिल्ह्याच्या जंगलपट्टीत भातकापणीनंतर वारली माणसं तारपेवाल्याभोवती एकमेकांच्या कमरेला धरून फिरतात. भोपळ्याचं आणि बांबूचं ते वाद्य वाजवणारा वळेल तिकडे सगळी साखळी वळते. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून ती साखळी जगभर गेली. तिथे बाया-बाप्ये एकत्र, आमच्याकडे बायकाच. बाकी मध्ये काहीतरी मोलाचं ठेवायचं आणि त्याच्याकडे तोंड करायचं, हे सारखंच.

आमच्या पिढीनं हा नाच बदलताना पाहिला, आणि त्यात आमचाही हात आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याची वल्ही घेऊन आम्ही रांगेत कोळी नृत्य केलं, ते आनंदानंच. वेसावकर मंडळींच्या कॅसेटनी लग्नाच्या हळदी रंगल्या, त्याही आम्हांला प्रिय आहेत. तक्रार वेगळी आहे. गौरीच्या नाचाची स्पर्धा सुरू झाली आणि फेर मध्ये कापून त्याचा अर्धगोल झाला, कारण परीक्षकांना पाठ दाखवायची नाही. बायका एकमेकींऐवजी समोरच्या खुर्च्यांकडे बघू लागल्या. मग पावलं आधी बसवावी लागली, गाणं पेन ड्राइव्हवर आलं आणि ऐन वेळी ओळ घालणारी धवलारीण खाली प्रेक्षकांत बसली. डीजेच्या आवाजात तर सांगणं आणि झेलणं दोन्ही बुडतं. 2023 साली युनेस्कोनं गरब्याला मानवतेच्या वारशात घेतलं, ते योग्यच झालं. पण फेरातल्या बाईला शेजारणीचा आवाज ऐकू आला पाहिजे, एवढी अट कुठेतरी लिहायला हवी होती.

म्हणून भिवंडीतल्या मंडळांना आमची विनंती आहे. बक्षिसं खुशाल द्या, पण बायकांना व्यासपीठावर चढवू नका. मैदानात मधली जागा मोकळी ठेवा, गौर तिथे बसवा, खुर्च्या चारी बाजूंनी मांडा. स्पीकर तासभर बंद ठेवा. गाणं सांगणाऱ्या दोघीतिघी कामतघरात अजून आहेत, पद्मनगरातही असतील. त्यांना आधी बोलावणं धाडा.