कॉकपिटच्या दारापर्यंत

पायलट व्हायचं ठरलं, तेव्हा घरात पहिली चर्चा झाली पैशांची. ती व्हायलाच हवी होती. भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, मिळवायला पन्नास लाखांच्या आसपास खर्च येतो. त्यानंतर एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता, घ्यायचं तर आणखी काही लाख. पप्पा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. फलटणजवळच्या आमच्या गावातलं रान विकायचं का, इथपर्यंत बोलणं गेलं. तेवढ्यात मावसभावाच्या ओळखीच्या एका फर्स्ट ऑफिसरशी, म्हणजे सहवैमानिकाशी, फोनवर बोलणं झालं. ते पप्पांना म्हणाले, "काका, रानाला हात लावू नका. आधी पोरीची मेडिकल करून घ्या."

हा सल्ला मी आता भेटेल त्याला देते. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, वैद्यकीय तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी क्लास टू, मग क्लास वन. व्यावसायिक परवान्याला क्लास वन लागतेच. नजर, कान, ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्त-लघवी सगळं तपासतात. रंग नीट ओळखता येतात का, हे रंगीत ठिपक्यांमध्ये दडलेले आकडे वाचायला लावून पाहतात. चष्मा असला म्हणून कोणी बाद होत नाही, चष्म्यासह नजर 6/6 असली तरी चालतं. रंगांधळेपणा मात्र पुढची वाट अडवू शकतो, आणि तो असल्याचं अनेकांना तोवर ठाऊकच नसतं. रान विकल्यावर ते कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं आणि कागदावर 'तात्पुरती अपात्र' असा शेरा आला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण डॉक्टरांनी समजावलं की या शेऱ्यातला 'तात्पुरती' हा शब्द महत्त्वाचा आहे. औषधं घेतली, खाणंपिणं सुधारलं आणि पुन्हा तपासणी करून पात्र ठरले. आपल्याकडे किती मुलींचं हिमोग्लोबिन कमी असतं! त्यातल्या एखादीने तो शेरा वाचून स्वप्न गुंडाळून ठेवू नये, म्हणून हे लिहिते आहे.

मग प्रश्न आला, अर्ज कुठे करायचा? उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारी इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. तिथल्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी, गणित, फिजिक्स आणि तर्कशक्ती असते, सगळं बारावीच्या पातळीचं. आपल्या महाराष्ट्रात गोंदियाला, बारामतीला, धुळ्याला उड्डाण प्रशिक्षण मिळतं. दुसरी वाट विमान कंपन्यांच्या कॅडेट प्रोग्रॅमची. त्यात कंपनी आधी निवड करते, मग प्रशिक्षण होतं, आणि सगळे टप्पे पार पडले तर त्याच कंपनीत रुजू होण्याची वाट खुली असते. बारावीला फिजिक्स आणि गणित असावं लागतं. ते नसेल, तर मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देऊन पात्र होता येतं. मी दोन्हीकडे अर्ज केले.

कॅडेट निवडीसाठी डीजीसीएचे पेपर आधी द्यायची अट नव्हती, तरी मी नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र वाचायला घेतलं. आय. सी. जोशींचं एव्हिएशन मेटिऑरॉलॉजीचं पुस्तक उघडलं आणि आमचाच तालुका नव्याने दिसायला लागला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या फलटणला पाचशेच्या आगेमागे, असं का? समुद्रावरून आलेली हवा घाट चढताना थंड होते, आपलं पाणी तिथेच टाकते आणि कोरडी होऊन आमच्याकडे उतरते. वळवाच्या पावसाआधी धुळीचा लोट अंगावर येतो आणि एकदम गार वाटतं, तेही त्या पुस्तकात होतं. क्युम्युलोनिंबस ढगातून थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, आणि तिची पुढची कड म्हणजे तो लोट. उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत अशी हवा आली तर समोरचा वारा क्षणात पाठीमागचा होतो, वेग घटतो आणि विमान खाली ओढलं जातं. अंगणातले कपडे काढायला मी लहानपणापासून ज्या वाऱ्यात धावले, त्याच्यापासून वैमानिक लांब राहतात हे कळलं, आणि अभ्यासाचा विषय परका उरला नाही.

गणितासाठी घरात आजोबा होते. त्यांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ. निवड चाचणीत कॅल्क्युलेटर नसतो आणि वेग, अंतर, वेळ यांचीच गणितं फार. प्रशिक्षणाचं छोटं विमान 90 नॉटने, म्हणजे तासाला 90 सागरी मैलांनी, चाललं असेल तर मिनिटाला दीड सागरी मैल जातं, म्हणजे दिडकी. 12 मिनिटांत 18 मैल. वेग 150 नॉट असेल तर मिनिटाला अडीच, म्हणजे अडीचकी. 45 मैलांना 18 मिनिटं. आजोबा बाजेवर बसून आकडा टाकायचे आणि मी भाकरी थापता थापता उत्तर द्यायचे. नेव्हिगेशनमधला साठास एकचा नियमही असाच तोंडी बसला. 60 मैल गेल्यावर 1 मैल बाजूला सरकलात तर चूक 1 अंशाची, 30 मैलांत 2 मैल सरकलात तर 4 अंशांची. भाकरी थापताना केलेली ही गणितं चाचणीच्या दिवशी खरोखर उपयोगी पडली, कारण तिथेही हात दुसऱ्या कामात असतात.

या चाचण्यांना कंपनीनुसार कॉम्पास, अडॅप्ट, कास अशी वेगवेगळी नावं असतात, पण गाभा सारखाच. संगणकासमोर बसायचं. हातात जॉयस्टिक, कधी पायाखाली पेडल. पडद्यावरचा ठिपका सारखा भरकटतो, त्याला मध्यावर धरून ठेवायचं. त्याच वेळी कानात आकडे येतात, ते लक्षात ठेवायचे. कोपऱ्यात गणित उमटतं, तेही सोडवायचं. दुसऱ्या एका भागात विमानाच्या दोन उपकरणांची चित्रं दाखवतात आणि विमान कोणत्या दिशेला, कोणत्या बाजूला कललेलं आहे ते चटकन ओळखायचं असतं. प्रत्येक काम सुटं घेतलं तर शाळकरी मुलालाही जमेल. तीन कामं एकदम आली की मन एकाच कामाला चिकटून बसतं, आणि नेमकं तेच तिथे तपासतात.

हे चिकटणं किती महागात पडतं, ते मला एका जुन्या अपघाताच्या वर्णनातून उमगलं. डिसेंबर 1972 मध्ये ईस्टर्न एअरलाइन्सचं एक विमान मायामीला उतरत होतं. पुढच्या चाकाचा दिवा लागेना, म्हणून कॉकपिटमधले सगळे त्या दिव्यात गुंतले. तेवढ्यात ऑटोपायलटचं उंची राखणं सुटलं आणि विमान हळूहळू खाली येत गेलं. वेळेवर कोणाच्याच ध्यानात आलं नाही. शंभराच्या आसपास माणसं गेली. चाकं उतरलेली होती, बल्ब तेवढा गेला होता.

हे वाचल्यावर तयारीची पद्धत बदलली. एकाच कामात शंभर टक्के मिळवण्याऐवजी सगळ्या कामांवर फेरी मारत राहायची: ठिपका, आकडा, गणित, पुन्हा ठिपका. एखादं गणित अडलं तर सोडून पुढे जायचं. पप्पांनी वर्कशॉपमधल्या लोखंडी पट्ट्यांचं एक पेडल करून दिलं. ते कशाला जोडलेलं नव्हतं, पण डावा-उजवा पाय सुटे हलवायची सवय त्यावर लागली. जॉयस्टिक जुन्या बाजारात मिळाली. धाकटा भाऊ पाठीमागे बसून आकडे वाचायचा. रेडिओवर अक्षरं कशी उच्चारतात, ते मी एसटी स्टँडवर गाड्यांच्या नंबरच्या पाट्या वाचून पाठ केलं. एमएच 11 म्हणजे माइक हॉटेल वन वन, आणि 9 चा उच्चार नायनर, म्हणजे गोंगाटातही घोटाळा होत नाही. काही आठवड्यांनी जाणवलं की आकडे ऐकताना ठिपका आपोआप सांभाळला जातोय. ही क्षमता जन्मजात असते असं पुष्कळ जण म्हणतात. थोडीफार असेलही. माझ्या बाबतीत ती रोजच्या सरावाने वाढली, हे मी खात्रीने सांगू शकते.

चाचणीनंतर गटचर्चा आणि शेवटी मुलाखत. मुलाखतीची तयारी मला सगळ्यांत अवघड गेली, आणि ती पुस्तकातून होणारी नव्हती. आमच्या घरात मोठ्यांना उलट बोलायची रीत नाही. कॉकपिटमध्ये मात्र पंचविशीतल्या फर्स्ट ऑफिसरला पन्नाशीच्या कॅप्टनना वेळ आली तर "सर, हे बरोबर नाही" असं म्हणावंच लागतं. 22 मे 2010 रोजी मंगळूरला दुबईहून आलेलं विमान धावपट्टीवर फार पुढे टेकलं आणि दरीत गेलं, 158 जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिकाने उतरणं सोडून पुन्हा वर जायला सुचवलं होतं, असं चौकशीत नोंदलं आहे. ही माहिती वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते. सुचवणं आणि ऐकलं जाईल इतक्या ठामपणे सांगणं यांत किती अंतर आहे, हे त्या रात्री समजलं.

म्हणून आम्ही घरातच सराव केला. पप्पा कॅप्टन व्हायचे आणि मुद्दाम चुकीचा निर्णय घ्यायचे. मी आधी काय दिसतंय ते सांगायचं, मग त्याची काळजी, मग काय करायला हवं ते, आणि तरीही ऐकलं नाही तर स्पष्ट शब्दांत थांबवायचं. सुरुवातीला माझा आवाज खाली जायचा, वाक्य "पप्पा, मला वाटतं..." इथेच अडायचं. पप्पा म्हणायचे, "मशिनवर माणसाचा हात अडकलाय, तेव्हा पण असंच बोलणार का?" त्यानंतर मात्र आवाज निघाला. आदर राखून ठाम बोलता येतं, हे मला माझ्या वडिलांनीच शिकवलं, आणि तेही स्वतःला अडवायला लावून.

मुलाखतीत हा प्रश्न खरोखर आला. कॅप्टन ठरलेल्या उंचीच्या खाली जात असतील तर काय कराल? मी क्रम सांगितला आणि आवाज हलला नाही. पायलट का व्हायचंय, यावर मी कॅप्टन सौदामिनी देशमुख यांचं नाव घेतलं. 1985 मध्ये कोलकाता-सिल्चर मार्गावर फक्त स्त्रिया चालवत असलेल्या फोकर विमानाच्या त्या कॅप्टन होत्या. मराठी आडनावाची बाई त्या खुर्चीत माझ्या जन्माआधीच बसली होती, हे मला किती बळ देतं, ते मी सरळ सांगितलं.

माझी निवड झाली. बँकेकडून शैक्षणिक कर्ज मिळालं, रानाचा काही भाग तारण आहे, विकलेला नाही. पुढे डीजीसीएचे पेपर आहेत, प्रत्येकात 70 टक्के हवेत. मग 200 तासांचं उड्डाण, त्यात 100 तास विमानाची जबाबदारी एकटीवर, 300 सागरी मैलांचा लांबचा प्रवास, रात्रीची उड्डाणं. हे सगळं अवघड आहे, आणि ते शिकायला मी उत्सुक आहे.

निघण्याआधी आईच्या शाळेत आणि माझ्या ज्युनियर कॉलेजात जाऊन मी मुलामुलींना एवढंच सांगितलं: आधी मेडिकल, मग अर्ज, मग पैसा. गणित तोंडी करा. दोन कामं एकदम करायचा सराव रोज ठेवा. आणि चुकतंय ते मोठ्यांना नम्रपणे, पण ऐकू जाईल असं सांगायला घरापासूनच शिका. खेड्यातल्या पोरांची बुद्धी कुठेच कमी पडत नाही. कमी पडते ती कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी येते याची माहिती, आणि ती सांगणं आता माझं काम आहे.