पडद्यावरचे काम आणि त्याविषयीचे बोलणे

वेबसाइटची रचना पाहून अभिप्राय देणाऱ्यासमोर मुळात एकच प्रश्न असतो: या पानावर जो माणूस येणार आहे, त्याचे काम इथे होते का? रंग, अक्षरे, चित्रे आणि मोकळी जागा यांची चर्चा या प्रश्नाच्या ओघात येते. तो प्रश्न बाजूला पडला की उरते ती आवडनिवड, आणि आवडीनिवडीवर चाललेल्या बैठकीत सहसा ज्याचा आवाज मोठा त्याचे पान होते.

वडोदऱ्यात नवरात्राच्या सुमारास गरब्याचे पास ऑनलाइन विकले जातात. असे पान उघडणारी कॉलेजातली मुलगी बहुधा फोनवर असते, घाईत असते आणि तिला चार गोष्टी हव्या असतात: कोणत्या रात्रीचा पास शिल्लक आहे, किती रुपयांचा आहे, मैदानाचे प्रवेशद्वार कुठल्या रस्त्यावर आहे आणि पैसे कसे भरायचे. घेर घेतलेल्या चणियाचोळीचे सुंदर छायाचित्र फोनचा सगळा पडदा व्यापत असेल, तर या चारही गोष्टी खाली ढकलल्या जातात. “फोटो मस्त आहे” हा या पानावरचा शेरा खरा असेल, पण करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. “फोनवर पहिल्या पडद्यात तारीख आणि किंमत दिसत नाही, दोनदा बोट सरकवावे लागते” हे वाक्य उपयोगी आहे, कारण ते कोणीही फोन हातात घेऊन पडताळून पाहू शकतो. चांगल्या अभिप्रायाची ही पहिली खूण. तो बोलणाऱ्याच्या अधिकारावर टिकून नसतो.

तरीही सगळेच लोक इतके नेमके बोलत नाहीत, आणि त्यांनी तसे बोलावे अशी अपेक्षाही धरू नये. वडोदऱ्यातल्या बैठकीत “मजा नथी आवती” किंवा “जामतुं नथी” हे वाक्य हमखास येते. डिझायनर मंडळी अशा शेऱ्याने वैतागतात, आणि इथे त्यांची चूक होते. अंगात कणकण आहे असे सांगणाऱ्या रोग्याला डॉक्टर हाकलून देत नाही, कुठे दुखते ते विचारतो. पान उघडल्यावर नजर आधी कुठे गेली, नंतर काय शोधले, ते सापडायला वेळ लागला का, असे साधे प्रश्न विचारले की “जामतुं नथी”च्या पोटातून बहुतेक वेळा ठोस कारण बाहेर येते: दोन मथळे सारख्याच आकाराचे आहेत, बटण दाबण्याजोगे वाटत नाही, किंवा पान एखाद्या परक्या कंपनीचे वाटते.

कामासमोर उभे राहून त्याविषयी बोलण्याची या शहराला चांगली सवय आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० साली सुरू झाली. विद्यापीठ त्याच्या आदल्याच वर्षी स्थापन झाले होते आणि हंसा मेहता कुलगुरू होत्या. मार्कंड भट्ट, इंदूरहून घडून आलेले मराठी चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे, शिल्पकार शंखो चौधुरी आणि थोड्याच काळाने के. जी. सुब्रमण्यन यांनी ती उभी केली. अशा शाळेत शिकणे म्हणजे काम भिंतीवर लावणे आणि इतरांच्या देखत त्यावर बोलणे ऐकून घेणे. बेंद्र्यांच्या काळात इथे शिकलेल्यांची पुढची कामे शेजारी ठेवली तर त्या बोलण्याचा दर्जा कळतो. शांती दवे जाड थरांच्या अमूर्त चित्रांकडे गेले, ज्योती भट्ट मुद्राचित्रण आणि छायाचित्रणाकडे, तर गुलाममोहम्मद शेख कथनपर चित्रांकडे. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या कामात स्वतःचे चित्र शोधले असते, तर इतक्या वेगवेगळ्या वाटा फुटल्या नसत्या. वेबसाइटवर अभिप्राय देणाऱ्या अनुभवी माणसाला इथून घेण्यासारखे बरेच आहे. “मी असतो तर असे केले असते” हे वाक्य मनात आले की आधी पाहावे, समोरच्याने काय करायचे ठरवले होते आणि ते कुठवर साधले आहे.

याच शाखेने १९६० च्या दशकात आणखी एक गोष्ट केली, आणि वेबसाइटच्या विषयाला ती भिंतीवरच्या चर्चेपेक्षाही जवळची आहे. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून फाइन आर्ट्स फेअर भरवू लागले. सुब्रमण्यन यांनी या जत्रांसाठी लाकूड, चामडे आणि मणी वापरून खेळणी केली. गावातली माणसे यायची, वस्तू हातात घ्यायची, विकत न्यायची. चित्राबद्दल जाणकार बोलतो. खेळण्याबद्दल मूल काही न बोलता सगळे सांगून टाकते. वेबसाइट या दुसऱ्या जातीची वस्तू आहे. ती लोकांच्या हातात राहते, म्हणून तिच्याबद्दलचा सर्वांत भरवशाचा अभिप्राय तोंडातून येत नाही, वापरणाऱ्याच्या बोटाच्या हालचालीतून येतो. बोट कुठे घुटमळले, कुठे परत फिरले, कुठे भलतेच बटण दाबले गेले, हे शेजारी गप्प बसून पाहावे लागते.

संगणकाच्या जगात ही पद्धत रुळवण्यात याकोब निल्सन यांचा वाटा मोठा आहे. रोल्फ मोलिक यांच्यासह त्यांनी १९९० साली तपासणीची एक रीत मांडली आणि १९९४ मध्ये तिची दहा तत्त्वे आजच्या रूपात आणली. पान काय करत आहे ते वापरणाऱ्याला कळत राहावे, चूक झाली तर मागे फिरता यावे, पानातली भाषा त्याच्या रोजच्या व्यवहारातली असावी, अशी ती तत्त्वे आहेत. पाच माणसांकडून पान वापरून घेतले तरी सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात, हे त्यांचे अनुमानही प्रसिद्ध आहे. हा आकडा सरासरीवर उभा आहे आणि पाचही माणसे एकाच प्रकारची असतील तर तो फसवतो. तरी त्यातला धीर महत्त्वाचा आहे: मोठ्या खर्चाची वाट न पाहता थोड्या माणसांपासून सुरुवात करता येते. वडोदऱ्यात हे पाच जण निवडताना एक गुजराती वाचणारा, एक मराठी वाचणारा, एक फक्त इंग्रजी पाने पाहणारा आणि एक सकाळी कमाटीबागेत फिरायला जाणारे आजोबा हवेतच. आजोबांचे महत्त्व उन्हामुळे आहे. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे खोलीतल्या मोठ्या पडद्यावर देखणी दिसतात. उघड्यावर, साठीच्या पुढच्या डोळ्यांना ती दिसतच नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातली तफावत नेहमीच्या अक्षरांसाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावी, असे आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून सांगतात. हे प्रमाण मोजता येते, त्यामुळे या मुद्द्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

लिपीचा प्रश्न मात्र या शहरात वेळ देऊनच पाहायला हवा. गायकवाडांच्या काळापासून इथे मराठी वाचक आहे. मराठी साहित्य संमेलन १९०९ साली इथे भरले आणि २०१८ साली ९१ वे संमेलनही इथेच झाले. त्यामुळे एखाद्या शाळेचे, रुग्णालयाचे किंवा मंडळाचे पान गुजराती, इंग्रजी आणि मराठी अशा तीन भाषांत करण्याची वेळ येते. आराखडा मात्र बहुतेकदा इंग्रजी मजकूर भरून मंजूर होतो आणि बाकीच्या भाषा शेवटी ओतल्या जातात. मग नुकसान दिसू लागते. इंग्रजी मथळा ऐटदार दिसावा म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवलेले असते. तीच सूचना गुजरातीला लागू झाली तर मथळा थोडा विरळ वाटतो, एवढेच, कारण त्या लिपीत शिरोरेषा नाही. मराठी मथळ्याची शिरोरेषा मात्र अक्षराअक्षराला तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. गुजराती वाचून मोठ्या झालेल्या डिझायनरच्या नजरेला ते खटकत नाही, यात त्याचा दोष नाही. ते सांगणे मराठी वाचकाचे काम आहे, आणि नेमके सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. “मराठी नीट दिसत नाही” एवढ्यावर थांबले तर करणारा फॉन्ट बदलत बसेल आणि दोष तिथेच राहील.

ओळींमधल्या अंतराचेही तसेच. इंग्रजीपुरत्या बेताने ठरवलेल्या उंचीच्या बटणात “विद्यार्थी” लिहिले की वरचा रफार आणि वेलांटी कापली जाते. “शुल्क” मधला उकार खाली दडतो. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद कोडमध्ये नसेल, तर ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाने उमटू शकतात. नोंद केली आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली तर मराठी वळण मिळते. मुंबईच्या एक टाइपने मुक्ता या फॉन्टच्या घराण्यात देवनागरी आणि गुजराती दोन्ही लिप्या केल्या आहेत. अशी जोडी वापरली तर एकाच पानावर दोन लिप्या अनोळखी माणसांसारख्या उभ्या राहत नाहीत. अभिप्राय देणाऱ्याला यातले तंत्र ठाऊक असण्याची गरज नाही. त्याने शब्द दाखवावा, कोणत्या फोनवर पाहिला ते सांगावे आणि पडद्याचे चित्र जोडावे.

चित्र जोडावे, पण चित्रावरून निर्णय देऊ नये. रावपुऱ्यातल्या किंवा मांडवीतल्या जुन्या दुकानाची वेबसाइट होत असेल तर तिचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर घरभर फिरतात: काका, मोठा भाऊ, परदेशातली बहीण. प्रत्येक जण स्थिर चित्र पाहून मत देतो. चित्रात मेनू उघडत नाही, त्यात पैसे भरता येत नाहीत, म्हणून येणारी मते रंग आणि लोगो यांभोवतीच फिरतात. त्यापेक्षा चालता दुवा पाठवावा आणि सोबत एक काम सोपवावे: “अर्धा किलो लीला चिवडा पुण्याला पाठवून पाहा, कुठे अडला ते सांगा.” तीच माणसे मग कितीतरी उपयोगी बोलतात.

मालकाचा अभिप्राय बहुधा उपायाच्या रूपात येतो. “लोगो जरा मोठा करा, भाई” हे त्याचे नेहमीचे रूप. अशा वेळी तो निमूट मोठा करणे आणि तोंड वाकडे करून नकार देणे, दोन्ही सारखेच वाया जाते. “काका, लोगो मोठा झाला म्हणजे गिऱ्हाइकाला काय कळायला हवे?” असे विचारले तर कदाचित कळेल की त्याच नावाची आणखी दुकाने गावात आहेत आणि गिऱ्हाईक चुकीच्या ठिकाणी जाईल ही खरी भीती आहे. ती भीती रास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणून दुकानाचा पत्ता, स्थापनेचे साल आणि दर्शनी भागाचे छायाचित्र वरच्या बाजूला आणणे जास्त कामाचे ठरते. अभिप्राय घेणाऱ्याने अडचण पूर्ण स्वीकारावी आणि उपायाचा विचार मात्र स्वतः करावा; त्यासाठीच त्याला नेमलेले असते.

अभिप्राय ऐकताना सर्वांत अवघड असते ते गप्प बसणे. “नाही, खाली सरकवल्यावर ते दिसतं” हे स्पष्टीकरण ओठावर येते, पण प्रत्येक वापरणाऱ्याच्या पाठीशी उभे राहून ते द्यायला करणारा जाणार नाही. म्हणून आधी सगळे लिहून घ्यावे आणि खुलासा नंतर करावा. परस्परविरोधी सूचना आल्या तर त्यांची सरासरी काढू नये. मधला मार्ग काढून केलेले पान कोणाच्याच कामाचे राहत नाही. ज्यांच्यासाठी पान आहे त्यांच्या बाजूने निकाल द्यावा आणि नाकारलेल्या सूचनेशेजारी कारण लिहून ठेवावे. दोषांचे वजनही लिहावे. निल्सन यांची ० ते ४ ही श्रेणी यासाठी सोयीची आहे: ४ म्हणजे हे सुधारल्याशिवाय पान लोकांसमोर आणायचेच नाही. पैसे भरताना पान अडकणे आणि तळाच्या ओळीतला रंग खटकणे ही दोन्ही एकाच यादीत एकाच आवाजात आली की करणारा आधी सोपे काम उरकतो.

वय आणि मान यांचा अडसर आपल्याकडे खरा आहे. नवखी मुलगी सरांच्या आराखड्यावर बोलायला कचरते. तिला धीट व्हायला सांगून भागत नाही. बोलण्याची रीतच अशी ठेवावी लागते की सर्वांत धाकट्याचे टिपण आधी वाचले जाईल आणि ज्येष्ठ शेवटी बोलतील. शिवाय अपुऱ्या कामाला सुरक्षित जागा लागते. मे २००७ मध्ये याच ललित कला शाखेत परीक्षेसाठी मांडलेल्या कामांवर आक्षेप घेत बाहेरची माणसे आवारात शिरली आणि एका विद्यार्थ्याला अटक झाली. परीक्षकांनी पाहायच्या आणि शिक्षकांनी ज्यावर बोलायचे त्या कामांचा निवाडा भलत्याच ठिकाणी झाला, ही त्या प्रसंगातली वेदना आहे. वेबसाइटच्या कच्च्या आराखड्याचे प्रमाण फार लहान, पण तिथेही काम कोणत्या टप्प्यावर आहे आणि ते कोणी पाहायचे हे आधी ठरलेले असावे. पहिल्या आठवड्यात मांडणीवर बोलावे. अक्षरांच्या चुका तेव्हा काढू नयेत. प्रकाशनाच्या आदल्या दिवशी मांडणी मोडायला सांगू नये, दुवे आणि शुद्धलेखन तपासावे.

दुरुस्ती झाल्यावर पान पुन्हा त्याच माणसाच्या हातात, त्याच फोनवर द्यावे लागते. ज्याने शिरोरेषा तुटल्याचे सांगितले होते, त्याला ती जुळली का हे दाखवावे. ज्याची सूचना घेतली नाही, त्याला कारण कळवावे. हे न कळवल्यामुळे पुढच्या खेपेला लोक “छान आहे” एवढेच लिहून मोकळे होतात. टिपणाच्या यादीत प्रत्येक नोंदीसमोर ती कोणी सांगितली, काय बदलले आणि पुन्हा कोणी तपासले यांसाठी जागा असावी. तपासणाऱ्याला “पाहिले, अजून अडते” असे लिहिता यावे, आणि तसे लिहिले असेल तर नोंद उघडीच ठेवावी.