वालट्यूब

शहागंजच्या चमनजवळ एका सायकलच्या दुकानात परवा मी दोन फूट वालट्यूब मागितली. गल्ल्यावरचे चाचा हसले. "अब किसको होना वो? सब में मोटर का वाल आता." पलीकडच्या दुकानातल्या पोराने तर विचारलं, "कितने इंच की?" त्याला वाटलं, मी चाकातली अख्खी ट्यूब मागतोय. कॅरिअर, घंट्या, गुलाबी झालरींच्या छोट्या सायकली, सगळं होतं. खिळ्याला टांगलेलं ते बारीक काळं वेटोळं मात्र नव्हतं.

ते फुटावर मिळायचं. कापून हातात पडलं की बोटांना पांढरी भुकटी लागायची आणि रबराचा असा वास यायचा की पोरं ते आधी नाकाला लावत, मग दाताखाली.

पाचवीत आमच्या वर्गावर थोडे दिवस एक बदली सर आले होते. ते एकदा खिशातून काडेपेटी आणि वालट्यूब काढून टेबलाशी बसले. काड्यांचं गुल ब्लेडने खरवडून टाकलं, ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यात दोन्हीकडून एकेक काडी खुपसून चौकोन केला. "दाब कोपरा." दाबला. चौकोन तिरका झाला, आणखी दाबला तर पार लोळला. मग त्रिकोण. "आता हा दाब." मी दाबला, शेजारच्याने दाबला, मागच्या बाकावरचे उठून आले. त्रिकोण ढिम्म. "का बरं?" असं विचारून सर फळा पुसायला लागले. उत्तर त्यांनी त्या दिवशी दिलं नाही, नंतरही नाही.

हा खेळ त्यांचा नव्हता, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन 1978 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथे 1972 साली सोळा शाळांत सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा प्रयोग तेव्हा पसरत होता. खेड्याच्या आठवडी बाजारात जे मिळेल त्यातून त्यांनी हे काड्यांचं मेकॅनो जमवलं. तीन काड्या जोडायच्या तर ट्यूबला मधोमध काट्याने भोक पाडून तिसरी काडी आडवी घालायची. पुढे ते पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात आले, 2018 साली पद्मश्री झाले. आमच्या सरांच्या हाती ही युक्ती कुठून लागली, कोण जाणे.

आमच्या शाळेतही विज्ञान होतं, पण पेटीत. 1987 च्या खडू-फळा मोहिमेत प्राथमिक शाळांना साहित्य मिळालं, त्यातलीच ती असावी. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात असायची. आत लोहचुंबक आहे, भिंग आहे, असं आम्ही ऐकून होतो. तपासणीच्या दिवशी ती टेबलावर यायची, संध्याकाळी पुन्हा कुलपात. त्या पेटीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. मास्तरांची अडचण आज समजते. वस्तू डेडस्टॉकला चढलेली, फुटली तर भरून कोण देणार? वालट्यूब कुठल्याच रजिस्टरला नव्हती, म्हणून ती आमच्यापर्यंत पोहोचली.

आणि आमच्या गावातली पाणचक्की? 'पाणी आपली पातळी गाठते' हे वाक्य आम्ही सुरात म्हणत असू, आणि मलिक अंबरने सतराव्या शतकात वसवलेल्या या गावाच्या पोटातून मातीच्या नळांनी नहरीचं पाणी नुसत्या उतारावर आणलेलं. नळात कोंडलेली हवा निघून जावी म्हणून वाटेत बंबे उभारलेले. पाणचक्कीच्या भिंतीवर चढून तसंच पंपाशिवायचं पाणी हौदात कोसळतं. शाळेपासून चालत जाता आलं असतं. सहल गेली ती दौलताबादला.

काड्यांच्या वर्गात सगळ्यात बेफिकीर होता माझ्या बाकावरचा पोरगा. विज्ञानात कायम काठावर. सुटीच्या दिवशी तो मामाच्या पंक्चरच्या दुकानात बसायचा. सरांनी वालट्यूबचं खरं काम विचारलं तेव्हा तोच उठला. वालच्या दांड्याला बाजूने बारीक भोक असतं, त्यावर रबर चढवायचं. पंपाची हवा रबर फुगवून आत घुसते, परत फिरली की तीच हवा रबराला भोकावर दाबून धरते, म्हणजे आपलीच वाट आपण बंद करते. "खात्री करायची तर थुंकी लावायची, सर. बुडबुडा आला की रबर गेलं." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी त्याला फळ्यावर आकृती काढायला लावली, आणि ती त्याने अशी काढली की भोक पेन्सिलीएवढं आणि चाक रुपयाएवढं. बेलफास्टच्या डनलपने आपल्या पोराच्या तीनचाकीला हवेचं टायर चढवलं, ही गोष्ट तेव्हा आम्हाला ठाऊक असती तर त्या पोराचा भाव आणखी वाढला असता. वार्षिक परीक्षेत मात्र 'हवेचे गुणधर्म लिहा' या प्रश्नाला त्याला शून्य मिळालं. दहावीपर्यंत तो आमच्यात टिकला नाही.

वालट्यूब शेवटी मिळाली नाही. पुतणीच्या सहाशे रुपयांच्या किटमधला एक प्लास्टिकचा सांधा हरवला होता, त्याच्यापायी तिचा पूल चार दिवस अडून बसलेला. मी तिला सलाइनच्या नळीचे तुकडे करून दिले. ते काड्यांना सैल झाले, म्हणून तिने काड्या टाकून खराट्याचे हीर घेतले. आता तिचा पूल मागे पडलाय आणि ठोकळा चाललाय. बारा हिरांचा ठोकळा धड उभा राहीना. सहाही बाजूंना एकेक कर्ण घाल, मग हलणार नाही, असं मी म्हणालो. "काका, पाचात भागेल. खालची बाजू तर टेबलावरच आहे ना!"

टेबल धरायचं की नाही, यावर आमचं अजून वाजतंय.