ऱ्हाईनला पूर कधी येतो?

मागच्या महिन्यात जळगावला ताईकडे गेलो, तेव्हा ती गच्चीवर खाटेवर बिबडे घालत होती. ज्वारीचा घाटा निवायच्या आत हात चालले पाहिजेत, म्हणून फोन तिनं तांब्याला टेकवून ठेवला होता. फोनमध्ये भाची होती. आमच्याकडे उन्हं चढलेली, तिकडे जर्मनीत, आखेनला नुकतं उजाडलेलं. भाची चहा घेत होती, ताई बिबडे थापत होती, आणि दोघी पाच-दहा मिनिटं एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलायची गरजच नव्हती. शेवटी ताई म्हणाली, “कोर खाऊन जाय गं,” आणि फोन बंद झाला.

मला ते बघून फार बरं वाटलं. आणि आबांची आठवण आली.

मी त्याच आखेनला १९९६च्या ऑक्टोबरात शिकायला गेलो होतो. आबा, माझे वडील, धुळ्याला शाळेत भूगोल शिकवायचे. आयुष्यभर त्यांनी फळ्यावर नद्या काढल्या, पण पश्चिमेला सुरत आणि उत्तरेला इंदूर याच्यापलीकडे त्यांचं जाणं झालं नव्हतं. मला पोहोचवायला ते मुंबईपर्यंत आले. धुळ्याहून पॅसेंजरनं चाळीसगाव, छप्पन्न किलोमीटर, आणि मग तिथल्या फलाटावर मुंबईच्या गाडीची वाट बघत बसायचं. वळकटी, सूटकेस, आणि बिबडे-कुरडयांचा पत्र्याचा डबा. तो डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही.

त्या फलाटावर आबांनी मला केकी मूस यांच्याबद्दल सांगितलं. मूस जाऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती आणि त्यांचं घर स्टेशनपासून जवळच. १९३०च्या दशकात हा माणूस इंग्लंडात शेफील्डला कला शिकायला गेला, शिक्षण झाल्यावर देशोदेशी फिरला, आणि परत आला तो चाळीसगावच्या त्या घरात. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी घराचा उंबरा क्वचितच ओलांडला. रात्री पंजाब मेल येऊन जाईपर्यंत घरातले दिवे जळत ठेवायचे, कुणाची तरी वाट बघायचे, असं चाळीसगावकर सांगतात. आबांना त्या गोष्टीपेक्षा त्यांच्या टेबलाचं अप्रूप होतं. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, उजेड असा पाडायचा की बघणाऱ्याला अख्खा देखावा उभा राहिलेला दिसावा, आणि मग त्याचा फोटो घ्यायचा. गाडी आत येत असताना आबा म्हणाले, “त्यांनी टेबलावर मांडलं. तू कागदावर मांड.”

माझी आखेनची दोन वर्षं या एका वाक्यावर गेली.

घरी फोन नव्हता. शेजाऱ्यांचा पीपी नंबर होता. महिन्यातून एकदा, ठरलेल्या रविवारी, मी बारा मार्कांचं टेलिफोन कार्ड घेऊन बूथमध्ये शिरायचो. आई धावत यायची, धाप लागलेली असायची, आणि “बरा शे ना?” एवढं विचारून होईतो कार्डातले आकडे झरझर उतरलेले असायचे. खरं बोलणं एरोग्रामवर. निळा कागद, तीन घड्या, कडेच्या पट्टीवरसुद्धा लिहिलेलं. पत्र जायला दहा-बारा दिवस, उत्तर यायला तितकेच. आबांचं पत्र उघडलं की आशीर्वादानंतर प्रश्न सुरू. तिथली माती कोणत्या रंगाची? गहू कधी पेरतात? सूर्य किती वाजता मावळतो, घड्याळात बघून लिही. आणि पहिल्याच पत्रात: ऱ्हाईनला पूर कधी येतो?

मला कुठे माहीत होतं? मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. पण आबांना “माहीत नाही” असं कळवायची माझी हिंमत नव्हती, कारण ती पत्रं ते वर्गात वाचून दाखवायचे. म्हणून कोलोनला गेलो. आखेनपासून गाडीनं तासाभराचा रस्ता. बाहेर पडलं की समोरच ते काळपट, १५७ मीटर उंच चर्च, आणि त्याच्या मागे नदी. नदीकाठच्या जुन्या वस्तीत भिंतींवर पुराच्या खुणा कोरलेल्या दिसल्या. खालच्या दुकानातल्या आजीबाईंनी माझ्या तुटक्या जर्मनला उत्तर देत सांगितलं की आदल्याच वर्षी, १९९५ला, पाणी वस्तीत शिरलं होतं. जानेवारीत.

मी तीनदा विचारून खात्री केली. जानेवारी! हिवाळ्यातला पाऊस आणि वरच्या डोंगरांतलं वितळलेलं बर्फ एकत्र आलं की ऱ्हाईन फुगते, हे मग कळलं. आबांनी उत्तरात लिहिलं, “वर्गात कोणाला पटेना. आपल्या पांझरेला श्रावण-भादव्यातच पाणी येतं हे पोरांनी डोळ्यांनी बघितलंय. मी नकाशावर ते डोंगर दाखवले, तेव्हा पटलं.” त्या पत्रानंतर मी जर्मनी बघितली ती त्या वर्गासाठी. स्वतःहून मी इतकं बघितलं नसतं, हे आज स्पष्ट सांगतो.

फिरायला पैसे नव्हते, पण शनिवार-रविवारचं एक तिकीट होतं. १९९५ साली ते पंधरा मार्कांना सुरू झालं, मी गेलो तोवर तीस झालं होतं. त्यावर पाच जणांनी देशभर कुठेही जायचं, अट एकच, गाडी हळू जाणारी हवी. पाच पुरे होईनात की फलाटावर उभं राहून अनोळखी माणसांना विचारायचं, कुठे निघालात, येता का आमच्या तिकिटावर? हॅम्बर्गला असाच गेलो, दिवसभरात पाच गाड्या बदलून. सोबत एक तुर्की पोरगा, दोन पोलिश मुली आणि नोकरी शोधायला निघालेला मागदेबुर्गचा एक सुतार. मी डबा उघडला. बिबडा कच्चाच मोडून खाल्ला की ज्वारीची आंबूस चव जिभेवर राहते. सुताराला ती आवडली. तो म्हणाला, बर्लिनची भिंत पडली तेव्हा पलीकडे जाऊन त्यानं पहिल्यांदा केळी विकत घेतली होती. पूर्वेकडे केळ्यांसाठी रांगा लागत. माझ्या मामाची अडावदला केळीची बाग आहे, घडाच्या वजनानं झाडं वाकतात, हे त्याला सांगताना माझ्याजवळचं जर्मन कमी पडलं. मी वहीत केळीचं झाड काढून दाखवलं.

आजी त्या अडावदचीच. माझ्या आईची आई. पत्रात तिचा एक प्रश्न मामा लिहून पाठवायचा: “तठे कांदेबाग लावतस का?” त्या थंडीतही कुणीतरी ऑक्टोबरात केळी लावत असेल असं तिला वाटायचं. आखेनच्या मधोमध गरम पाण्याचं कारंजं आहे, एलिझेनब्रुनेन. पाण्याला गंधकाचा वास, पण ओंजळीत घेतलं की उनउन. लहानपणी आजीनं मला सातपुड्याच्या पायथ्याशी, उनपदेवच्या झऱ्यावर नेऊन डोक्यावरून असंच पाणी घातलं होतं. मी त्या कारंज्याचं चित्रकार्ड घेतलं आणि तिला लिहिलं, “आजी, इथेही एक उनपदेव आहे. तुला आणलं पाहिजे.”

१९९७च्या फेब्रुवारीत आजी गेली. मला कळलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता. माझं कार्ड अडावदला पोहोचलं ते तिच्यानंतर चार दिवसांनी. मामानं ते तिच्या पेटीत ठेवलं.

म्हणून ते दिवस परत यावेत असं मी कधी म्हणणार नाही. कुणी म्हणालं तर मला राग येतो. आज भाची आजारी पडली तर ताईला तिच्या आवाजावरून कळतं, सण असला की आरतीच्या वेळी ती फोनवरून ताटासमोर असते. हे आमच्या आयांना मिळालं नाही.

भाचीचं जाणंही वेगळं. तिनं जळगावच्या विद्यापीठातून केमिकल टेक्नॉलॉजी केलं. माझ्या पदवीवर नुसतं ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ होतं, जेमतेम सहा वर्षांचं, आणि आखेनच्या कार्यालयातल्या बाईंनी ते नाव यादीत बराच वेळ शोधलं होतं. २०१८पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. असोद्याच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचं नाव लिहिलेला कागद आता जर्मन कार्यालयांतून फिरतो. भाचीनं तो स्कॅन केला तेव्हा मी बाजूला उभा होतो, मला भरून आलं होतं. पैशाचं ओझं मात्र कमी झालेलं नाही. शिक्षणाची फी नसली, तरी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागले. ताईनं आणि भावजींनी कर्ज काढलं.

ती जळगावहून विमानानं मुंबईला गेली, तिथून फ्रँकफुर्ट, तिथून गाडीनं कोलोन. मी दुसऱ्या दिवशी उत्साहानं विचारलं, “ऱ्हाईन दिसली ना वाटेत?” ती म्हणाली, “मामा, गाडी सारखी बोगद्यातून जाते. तासाभरात कोलोन.” ताशी तीनशे किलोमीटरची ती नवी लाइन २००२ला झाली. मी गेलो तेव्हा गाडी तासन्‌तास नदीच्या काठाकाठानं चालली होती. द्राक्षांचे चढ, पडके किल्ले, लोरेलायचा खडक, कोळशाची पडावं. पहिल्या एरोग्रामची दीड पानं त्यावरच भरली होती.

भाची खूप फिरते. महिन्याच्या एका पासवर देशभरच्या साध्या गाड्या. फोटो तर ती परतायच्या आत आमच्या ग्रुपवर येतात, एकेका सहलीचे चाळीस-चाळीस. ताई प्रत्येक फोटो बघते. पण प्रश्न कुणी विचारत नाही, सगळं दिसतंच. भाचीही काही सांगत नाही. तिची चूक नाही, तिला कुणी विचारलंच नाही.

म्हणून मी विचारलं. तिला म्हटलं, एखाद्या रविवारी जुन्या लाइननं जा, डाव्या काठानं, कोब्लेन्झवरून माइन्झपर्यंत. फोटो काढू नकोस. आईला कार्ड लिही.

ते कार्ड परवा आलं. सकाळीच दोघींचं फोनवर बोलणं झालं होतं, तरी ताईनं चष्मा लावला, ओट्यावर बसली आणि शेजारच्या दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात सगळं वाचलं. अक्षर बारीक आणि कडेला चढत गेलेलं. “नदीचं पाणी मातकट हिरवं आहे. जहाजावर मोटार ठेवलेली असते आणि दोरीवर कपडे वाळत असतात, म्हणजे माणसं तिथेच राहतात. एका गावात भिंतीवर पुराची खूण दिसली, ती माझ्या डोक्याच्या वर होती.” आणि खाली, माझ्यासाठी: “मामा, माझ्याबरोबर इराणची मैत्रीण होती. मी तिला आपल्या तापीबद्दल सांगितलं. ती विचारते, तापीला पूर कधी येतो?”

मी उत्तर लिहायला घेतलंय. भुसावळजवळ हतनूरच्या धरणाला एक्केचाळीस दरवाजे आहेत, तिथून सुरुवात केली आहे.