खटका

पापनाशमला आमची बदली झाली तेव्हा नातलगांपैकी निम्म्यांनी आम्हांस पुण्यवान ठरविले, आणि उरलेल्यांनी त्या नावाच्या तमिळ चित्रपटाची आठवण काढली. २०१५ सालच्या त्या चित्रपटातले पापनाशम तिरुनेलवेली जिल्ह्यातले. आमचे तंजावर जिल्ह्यातले, तंजावर-कुंभकोणम लोहमार्गावरचे. हा खुलासा आम्ही इतक्या वेळा केला आहे की, एक परिपत्रक काढून तो सर्वांस एकदम कळवावा असे वाटते. येथे भाताची शेते आहेत, कुडमुरुट्टी नदी आहे, तिरुप्पालैत्तुरैच्या देवळाच्या आवारात नायक राजांच्या काळातले विटांचे धान्याचे भले मोठे कोठार आहे. पाप फेडण्याची सोयही असेल. परंतु केंद्र सरकारच्या कारकुनास मुळात पाप करण्यास सवड किती मिळते, हे या मासिकाच्या वाचकांस आम्ही काय सांगावे!

आम्ही बिऱ्हाड घेतले ते एका माडीवर. घरमालकीणबाईंनी, म्हणजे येथल्या रीतीप्रमाणे मामींनी, भाडे सांगण्यापूर्वी एक दोष प्रामाणिकपणे सांगितला : खाली टंकलेखनाचा वर्ग आहे, संध्याकाळी फार आवाज होतो. महाराष्ट्रात ही जुनी यंत्रे बहुतेक ठिकाणी अडगळीत गेली. येथे मात्र मुलेमुली रांगेने बसून 'लोअर' आणि 'हायर'च्या परीक्षांसाठी ती बडवीत होती. पहिल्या संध्याकाळी वीस-पंचवीस यंत्रांचा तो गडगडाट जमिनीतून वर आला, आणि आम्ही अंथरूणही न पसरता सतरंजीवर गाढ झोपी गेलो. मामींना याचे आश्चर्य वाटले. त्यांना आमचे घर ठाऊक नव्हते.

आमचे वडील, अण्णा, साताऱ्यास कोर्टासमोर झाडाखाली मेज टाकून चौतीस वर्षे टंकलेखन करीत होते. मेजावर दोन यंत्रे : एक इंग्रजी, एक मराठी. प्रतिज्ञापत्रे, भाडेपट्टे, वारसाचे अर्ज, हक्कसोडपत्रे. आम्ही शाळा सुटल्यावर मेजाखाली दप्तर टाकून बसत असू, आणि डोक्यावर ते चाललेले असे. पुढे आमच्या कानास त्यातले बरेच कळू लागले. एकच प्रत असली तर आवाज कोरडा आणि खणखणीत. कार्बन घालून पाच-सहा प्रती असल्या तर जाड, उशीवर बुक्की मारल्यासारखा. मराठी यंत्रावर 'भ', 'ध', 'श' ही अक्षरे एका ठोक्यात होत नसत. आधी अर्धे अक्षर, मग काना. म्हणून 'धनादेश' आणि 'मालक' हे शब्द डोळे मिटूनही वेगळे ओळखता येत. अण्णा तर शेजारच्या मेजावरच्या टंकलेखकाची चूक पाठमोऱ्याने सांगत. "दोन दांड्या अडकल्या बघ त्याच्या," असे ते म्हणत, आणि खरोखरच तो माणूस बोटांनी दांड्या सोडवीत असलेला दिसे. गोदरेज कंपनीने १९५५ साली सुरू केलेले टंकयंत्रांचे उत्पादन २००९ साली थांबविले. अण्णांनी आपले मेज त्यानंतर थोड्याच वर्षांनी उचलले.

आम्ही मात्र परीक्षा दिली ती संगणकावर. मिनिटास ३५ इंग्रजी शब्द, म्हणजे ताशी १०,५०० ठोके. कारण सरकारच्या हिशेबी शब्द म्हणजे सरासरी पाच ठोके, मग तो 'आय' असो की 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'. तो कळफलक रबरी होता, आणि नोकरीतही आमच्या वाट्यास आजवर रबरीच आले. त्यात प्रत्येक कळीखाली रबराची एक लहानशी टोपी असते. ती पुरती चेपून तळास लागली म्हणजे अक्षर उमटते. नवी असते तोवर ठीक. चार वर्षांत ती मऊ पडते, आणि मग बोटास कळत नाही की अक्षर उमटले की नाही. कळावे म्हणून आपण अधिक जोराने दाबतो. संध्याकाळी उजव्या मनगटात आमच्या अशी ठणक लागे की, मामींनी दिलेले तेल चोळल्यावाचून भाताचा घास उचलवत नसे.

या ठणकेपायी आम्ही खटक्यांच्या नादी लागलो. रबराऐवजी प्रत्येक कळीखाली स्वतंत्र खटका, म्हणजे स्प्रिंगचा स्विच, असलेले कळफलक मिळतात. आणि त्या खटक्यांचेही प्रकार आहेत. चेरी नावाची कंपनी १९५३ साली अमेरिकेत निघाली व पुढे जर्मनीत स्थिरावली. तिने १९८० च्या दशकात काढलेल्या खटक्यांच्या दांड्यांना तिने वेगवेगळे रंग दिले. त्यांवरील एकाधिकाराची मुदत सरल्यावर चिनी कारखान्यांनी तसेच खटके त्याच रंगांत काढले, त्यामुळे ते रंग आता जातिवाचक झाले आहेत. खरेदीपूर्वी बोट लावून पाहण्यासाठी चार-सहा खटके बसविलेली एक लहान पट्टी मिळते. ती आम्ही मागविली आणि रात्री गच्चीवर घेऊन बसलो.

तांबडा सरळ जातो. वाटेत अडथळा नाही, आवाज नाही. सुमारे ४५ ग्रॅम वजनाइतका दाब पडला की अर्ध्या वाटेवर, म्हणजे सुमारे २ मिलिमीटरवर, अक्षर उमटते, आणि बोटास त्याची वार्ताही नसते. काळाही तसाच, फक्त अधिक जड. खेळ खेळणारी मुले हे पसंत करतात म्हणे. आम्हांस तांबड्यावर बोट ठेवताच नको ते अक्षर पडेल अशी धास्ती वाटली. तपकिरीत वाटेत एक लहानसा उंचवटा लागतो, रस्त्यावरच्या गतिरोधकासारखा. बोट त्यावरून गेले की काम झाले असे समजावे. तळाला तो लागतो तेव्हा 'थब्' असा जाड आवाज येतो. आणि निळा! निळ्यात आतल्या दांड्याला एक सुटी बाही असते. दाब वाढत वाढत एका ठिकाणी येतो, आणि तेथून ती बाही खाली झेप घेते : 'टिक्'. अक्षर त्याच सुमारास उमटते, कळ तळास जाण्यापूर्वीच. टंकयंत्रात ठोका म्हणजेच अक्षर. आवाज झाला म्हणजे शाई लागली. त्या खात्रीच्या जवळ आमच्या पट्टीवरचा हा एकच खटका येत होता. आयबीएमने १९८० च्या दशकात वाकून उडणाऱ्या स्प्रिंगचे जे भारदस्त कळफलक काढले, ते याहूनही जवळचे असावेत; पण ते कारकुनाच्या ऐपतीतले नव्हेत.

आम्ही निळ्या खटक्यांचा कळफलक घेतला आणि मोठ्या ऐटीत कार्यालयात नेला. खाजगी वस्तू सरकारी मेजावर ठेवायची, तर ती डेड स्टॉक रजिस्टरात नाही म्हणून कुठे नोंदवावी, यावर अर्धा दिवस विचारविनिमय झाला. शेजारच्या मेजावरील ज्येष्ठ सहकारी बाईंनी दोन दिवस सहन केले. तिसऱ्या दिवशी त्यांनी कानात कापूस घातला, आणि तो आम्हांस दिसेल अशा बेताने घातला. निळा घरी आला, कार्यालयात तपकिरी गेला. मनगटाचे म्हणाल तर तपकिरीनेही भागले. बोट तळापर्यंत आपटण्याची सवय मोडली, ठणक कमी झाली. परंतु दिवसभर इंग्रजी आणि हिंदी बडविल्यावर रात्री माडीवर दोन पाने मराठी लिहावयाची ती निळ्यावरच. देवनागरीचे खिळे या मुलखास नवे नाहीत. सरफोजी राजांच्या छापखान्यात १८०६ साली 'बालबोधमुक्तावली' हे मराठी पुस्तक निघाले, ते येथून कोसाच्या हिशेबात फार दूर नाही.

त्याच सुमारास गावात एका देवळात हरिकथा ऐकली. तमिळ हरिकथेने आपल्या कीर्तनापासून पुष्कळ उचलले आहे. येथील कथेकऱ्याच्या हातातल्या चिपळ्यांना आजही 'चिप्लाकट्टै'च म्हणतात. मृदंग होता, पेटी होती, मागे मुलांचा कालवा होता, पण त्या सर्वांतून चिपळीचा बारीक आवाज आमच्यापर्यंत, म्हणजे पार चपला काढतात तेथपर्यंत, स्वच्छ येत होता. निळ्या खटक्याचा गुण हाच, असे आम्हांस वाटले. ही गोष्ट अण्णांस कळविल्यावाचून राहवेना.

फोन लावला. अण्णा म्हणाले, "तू नाव सांगू नकोस. नुसते वाजव. कुठले यंत्र कशाच्या जवळचे आहे ते मी सांगतो." आम्ही प्रथम तपकिरी वाजविला. "हं. सहा प्रती आणि जुना रूळ," ते लगेच म्हणाले. आम्ही खूश होऊन निळा पुढे ओढला आणि एक अख्खा परिच्छेद सपाट्याने लिहून काढला. पलीकडे शांतता.

"अरे, सुरू कर ना. किती वेळ धरून बसू?"

आम्ही पुन्हा लिहिले. फोन कळफलकाशी टेकवून लिहिले. फोनवरून बारीक आवाज गळतात असे आम्ही वाचले होते, ते आठवून धीर धरला. इतक्यात मागून आईचा आवाज आला : "अहो, केव्हाचा बडवतोय तो! मला इथे ओट्यापाशी ऐकू येतंय, टिकटिक टिकटिक."

अण्णा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हं. चांगला आहे." आणि तंजावरकडे पाऊस कसा आहे, अशी चौकशी करू लागले. खालच्या वर्गात त्या वेळी 'ए एस डी एफ' चालले होते. आम्ही पाऊस बरा आहे असे सांगितले. त्या रात्री पाऊस नव्हता.

दिवाळीस रजा काढून आम्ही साताऱ्यास गेलो, तेव्हा दोन्ही कळफलक आणि पट्टी सामानात होती. कानाच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख अण्णांनी स्वतःच कपाटातून काढून पुढे ठेवला. तो आमच्या बदलीपूर्वीचा होता. डावीकडे जाड स्वर, तेथे रेघ ठीक होती. २,००० हर्ट्झच्या पुढे ती जिना उतरल्यासारखी खाली खाली गेली होती. वय झाले की बारीक स्वर आधी जातात. "मेज उचलले तेव्हापासून सगळेच हळू बोलायला लागले असे मला वाटे," अण्णा म्हणाले. "म्हटले, कोर्टाची सवय सुटली, घर म्हणजे असेच असायचे." श्रवणयंत्र आणलेले होते, तेही कपाटातच होते. आम्ही महिनोन्‌महिने रविवारी फोन करीत होतो, आणि "बरे, बरे" या उत्तरावर समाधान मानीत होतो.

मग त्यांनी पट्टी मागितली, चष्मा काढून ठेवला आणि एकेक खटका तर्जनीने दाबून पाहिला. तांबड्यावर, "ही कळ नव्हे, घसरगुंडी." काळ्यावर, "जोर आहे. पण पोचलो कुठे, ते सांगत नाही." तपकिरीवर ते बराच वेळ थांबले. "इथे काही आहे म्हणतोस? असेल." निळा त्यांनी एकदा दाबला, पुन्हा दाबला, दहा वेळा दाबला, अगदी सावकाश, जणू बोटाने वाचीत. "इथे सुटते," ते म्हणाले. "आमच्या यंत्रात दांडी हातातून सुटून कागदाकडे जायची ना, तसे." आवाजाविषयी त्यांनी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही.

बहिणीचा जुना संगणक घरी पडून होता. त्यास निळा कळफलक जोडला आणि मराठीची रेमिंग्टन मांडणी बसविली. आम्ही इनस्क्रिप्टवर लिहितो, तीत 'भ' एकाच ठोक्याचा, तो अण्णांच्या बोटांस चालला नसता. त्यांनी खुर्ची पुढे घेतली, मनगटे उचलली आणि सुरुवात केली. काय लिहावे म्हणून अडले नाहीत. भाडेपट्ट्याचा मायना त्यांच्या बोटांतच होता. ओळ संपली तशी त्यांचा डावा हात सवयीने वर गेला, हवेत क्षणभर राहिला आणि परत आला. दुसऱ्या ओळीस वेग आला. अर्धे अक्षर आणि काना, अर्धे अक्षर आणि काना. आम्ही भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, तरी 'लिहून देणार' कधी आले आणि 'साक्षीदार' कधी, ते कळत होते.

"झाले सुरू!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "डोके उठले माझे."

अण्णांनी हात थांबवून आमच्याकडे पाहिले. "काय म्हणाली?"

"आवाज होतो म्हणते."

"होतो ना?" असे म्हणून ते पुढच्या ओळीकडे वळले.