वृत्तात बसणारे पाहुणे

शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईला नातेवाईक लग्नात दोन कामं हमखास देतात. एक, पत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ तपासणं. ते पत्रिका छापून आल्यावरच आठवतं, त्यामुळे नुसतं हळहळायचं. दुसरं, मंगलाष्टक रचणं. हे मी बरीच वर्षं करते आहे आणि त्यातून मला माणसं भरपूर कळली आहेत.

मंगलाष्टक म्हणजे शार्दूलविक्रीडित. एका ओळीत १९ अक्षरं, बाराव्यावर यती, गण म स ज स त त आणि शेवटी एक गुरू. चार ओळींची ७६ अक्षरं होतात. पैकी शेवटची सात ‘कुर्यात् सदा मंगलम्’नं आधीच अडवलेली असतात. उरलेल्या ६९ अक्षरांत गणपती, कुलदेवता, वधूवर, दोन्हीकडचे आईवडील, आजी-आजोबा आणि अमेरिकेहून मुद्दाम आलेला मामा, एवढे सगळे शेवटच्या एसटीत कोंबावेत तसे कोंबायचे.

नवरीचं नाव अनघा किंवा मधुरा असलं की मी निम्मी लढाई जिंकते. लघु, लघु, गुरू, म्हणजे चोख स गण, आणि तो ओळीत दोन ठिकाणी येतो. आदित्य नावाचा नवरदेवही गुणी. तो त गणात सरळ जाऊन बसतो. पत्रिका जुळवणाऱ्यांनी छत्तीस गुणांबरोबर हेही पाहावं, असं माझं मत आहे.

चुलतबहिणीच्या मुलीच्या लग्नात मात्र घाम फुटला. मुलाचे आजोबा पुरुषोत्तम. लघु, लघु, गुरू, लघु, लघु. ओळ कुठूनही कापा, हा क्रम सापडत नाही. आजोबा नव्वदीचे, घरातलं सर्वांत मोठं माणूस. त्यांना वगळायची सोय नव्हती. तशात नवरीचा फोन आला, “मावशी, ब्रूनोचं नाव पण घाल ना.” ब्रूनो त्यांचा लॅब्राडोर. दोन गुरू. पहिल्याच प्रयत्नात बसला! कुत्रा वृत्तात आणि आजोबा बाहेर, हे मुलाकडच्यांना कुठल्या तोंडानं सांगणार?

शेवटी संबोधन कामाला आलं. ‘आजोबा पुरुषोत्तमा’ अशी हाक मारली की ओळीची पहिली आठ अक्षरं बिनचूक भरतात. आजोबांना एकेरी हाक मारल्याबद्दल कुणी काही बोललं नाही. देवालाही आपण तशीच मारतो.

कार्यालयात माइकसमोर रांग होती. आत्या, काकू, नवरदेवाची मोठी बहीण, प्रत्येकीच्या हातात घडी घातलेला कागद. नावाप्रमाणे अष्टकं आठ असायला हवीत, पण ती मोजतं घड्याळ. मुहूर्ताला अवकाश असला की गुरुजी बोटानं ‘आणखी एक’ अशी खूण करतात, आणि वेळ भरत आली की काकूंच्या हातातला कागद उघडायच्या आत ताशा वाजतो. त्या दिवशी काकूंचं अष्टक राहिलं. पुढचे दोन तास ते त्यांनी भेटेल त्याला ऐकवलं.

माझी पाळी आली तेव्हा मागच्या रांगेतले पाहुणे ‘सावधान’ची वाट पाहत अक्षता मुठीत घेऊन उभे होते. त्यांच्या अक्षता नेहमीप्रमाणे पुढच्या रांगेच्या अंबाड्यांवर पडल्या. शब्द कुणी ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे. आपलं नाव तेवढं प्रत्येक जण ऐकतो. आजोबांनी कानाचं यंत्र नीट बसवून घेतलं होतं. एक आत्या मात्र जेवणापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. कुत्रा आला आणि त्या राहिल्या.

अंतरपाट दूर झाला, हार पडले आणि हॉल पंगतीकडे रिकामा झाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं. म्हणजे आहेराचं पाकीट देऊन, मठ्ठा पिऊन लोक गाडीत बसतात, तेव्हा कायद्याच्या हिशेबी लग्न अजून व्हायचंच असतं. सप्तपदीला आम्ही मोजके उरलो होतो. फोटोग्राफर म्हणाला, “चौथं पाऊल परत घ्या, फोकस हलला.” गुरुजी म्हणाले, “सातच असतात हो, आठ झाली तर जबाबदारी तुमची.”

पुढे नोंदणीच्या वेळी मी सोबत गेले. अर्जावर वर, वधू, साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी, सगळ्यांच्या सह्या. नावं पूर्ण, कितीही लांब चालतात, लघु-गुरू कुणी विचारत नाही. मंगलाष्टक रचणाऱ्यासाठी मात्र रकानाच नाही. ते बरंच आहे. नाहीतर रुसलेल्या आत्यांना तक्रारीसाठी अधिकृत पत्ता मिळाला असता.