काळ्या मातीचे सर

धारवाड म्हटलं की मराठी वाचकाला जी. ए. कुलकर्णी आठवतात, बेंद्रे आठवतात, मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात, शेजारच्या हुबळीतल्या गंगूबाई आठवतात आणि हटकून पेढा आठवतो. ते योग्यच आहे. मला मात्र या सगळ्यांच्या आधी आमचे सर आठवतात. माळमड्डीत राहणारे, रोज सकाळी बसनं हुबळीला विद्यानगरात येणारे आणि आम्हाला सॉइल मेकॅनिक्स शिकवणारे.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. हयातभर त्यांनी सत्कार घेतला नाही. निवृत्तीच्या वेळी मुलांनी गौरवअंकाची तयारी चालवली, तर सरांनी सगळ्यांना घरी बोलावून खाऊपिऊ घातलं आणि जमलेले पैसे ग्रंथालयाला द्यायला लावले. त्यांच्या माघारी आता नाव छापायचं माझ्यानं होणार नाही. ज्यांना ओळखायचं ते दोन ओळींत ओळखतील.

कॉलेजचं नाव मात्र लिहायलाच हवं. बी. व्ही. भूमरड्डी कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, सगळ्यांच्या तोंडी बीव्हीबी. १९४७ साली निघालं. ज्या केएलई संस्थेनं ते काढलं, ती १९१६ साली बेळगावात सात शिक्षकांनी उभी केली होती. सरांना या गोष्टीचं फार अप्रूप. 'सात मास्तर,' असं म्हणून ते थोडे थांबत. आता त्याच आवारात केएलई टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी आहे. आमच्या वेळी कॉलेज धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेलं होतं.

सुधा मूर्ती याच कॉलेजच्या. त्या वेळच्या सुधा कुलकर्णी. साठच्या दशकाच्या अखेरीस त्या आल्या तेव्हा कॉलेजात एकही मुलगी नव्हती, आणि प्रवेश देताना साडी नेसायची, कॅन्टीनमध्ये जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही अशा अटी होत्या, हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलंय. आम्ही दहाएक वर्षांनी गेलो तेव्हा अटी उरल्या नव्हत्या, पण सिव्हिलला मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. सरांच्या साइटवर त्या मुलींच्या हातातही कुदळ असे. मुलांना ते 'तम्मा' म्हणत, मुलींना 'तंगी'. धाकटा भाऊ आणि धाकटी बहीण. खड्डा मात्र दोघांना सारखाच खोल.

सरांचं घर मराठी, शाळा कानडी, पुस्तकं इंग्रजी. वर्गात तिन्ही भाषा एकाच वाक्यात येत आणि कुणालाच काही वावगं वाटत नसे. हुबळीत रेल्वे वर्कशॉपमुळे आलेली मराठी घरं पुष्कळ. केश्वापूर भागातली आम्ही मुलं घरी मराठी आणि गल्लीत कानडी बोलत वाढलो. पण नवलगुंद, कुंदगोळ, रोण अशा गावांतून आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी इंग्रजीनं घाम फुटायचा. असा एखादा मुलगा मागच्या बाकावर मान खाली घालून बसला की सर बरोबर त्याच्याच शेतातली माती मागवत. "सोमवारी येताना पिशवीभर आण." त्या सोमवारी तो मुलगा वर्गाचा शिक्षक होई. कुठल्या महिन्यात भेगा पडतात, पहिल्या पावसात औत का घालता येत नाही, बांधाजवळची माती वेगळी का, हे सगळं तो कानडीतून सांगे आणि सर फळ्यावर शेजारी इंग्रजी संज्ञा लिहीत जात.

त्या पिशवीभर मातीचं पुढे काय होई ते सांगायला हवं. माती वाळवून, कुटून, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळायची. काचेची दोन मोजनळकांडी घ्यायची. दोन्हींत दहा-दहा ग्रॅम माती. एकात पाणी ओतायचं, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून बुडबुडे घालवायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती दहाच्या रेघेच्या आसपास, न फुगलेली. पाण्यातली चढून वीसच्या आसपास, कधी त्याहीवर. तीच माती, तेवढीच माती. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज आपल्या पापुद्र्यांमध्ये पाणी ओढून घेतं आणि फुगतं. रॉकेलला ते दाद देत नाही. हा प्रयोग प्रमाणित आहे, देशभर होतो. पण सर तो करायचे तेव्हा नळकांडी खिडकीत उजेडाला धरून प्रत्येकाला पाळीपाळीनं डोळा रेघेच्या पातळीत आणून वाचायला लावत. "वरून बघू नकोस. खाली वाक." पन्नाससाठ मुलांनी वाचून होईपर्यंत तास संपलेला असे. त्यांना घाई नसे.

मग मातीच्या सुतळ्या. ओल्या मातीचा गोळा काचेवर तळहातानं वळायचा. तीन मिलिमीटर जाडीला आला आणि तुटायला लागला की तिथलं पाण्याचं प्रमाण म्हणजे प्लॅस्टिक लिमिट. आमच्या सुतळ्या एका जागी जाड, एका जागी बारीक. सरांचा हात फिरला की शेवई वळावी तशी एकसारखी सुतळी निघे. शेजारच्या टेबलावर पितळी वाटीचं यंत्र टक् टक् करत असे आणि आम्ही पंचवीस ठोके मनात मोजत असू. त्या प्रयोगशाळेत ओल्या मातीचा वास बाराही महिने असे. मला तो अजूनही कुठल्याही साइटवर पहिल्या खड्ड्यापाशी येतो.

एप्रिल-मे महिन्यात सर आम्हाला शहराबाहेर नेत. हुबळीच्या पूर्वेला गदगच्या बाजूला निघालं की काळं रान सुरू होतं. पश्चिमेला धारवाडकडे चढावं तशी जमीन तांबडी होत जाते आणि पुढे मलनाडची झाडी लागते. वीस-बावीस किलोमीटरच्या आत दोन मुलुख. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात. सर आपल्या मोडक्या छत्रीची लांब काडी जवळ ठेवत. भेगेत ती सोडायची, टेकली की बोटानं खूण धरून बाहेर काढायची आणि टेपला लावायची. मग प्रश्न ठरलेला. "तम्मा, केळग एनैती?" खाली काय आहे? उत्तर पुस्तकातलं आलं तर ते काडी आपल्याच हातात देत.

त्या प्रश्नाचा सगळ्यांत मोठा धडा आम्हाला मिळाला तो १९८०च्या जुलैत. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला मलप्रभेवर धरण झालेलं, कालवे आलेले, आणि नवलगुंद-नरगुंदचे शेतकरी लाभक्षेत्राच्या कराविरुद्ध उठले. गोळीबार झाला, माणसं गेली. हुबळीत वातावरण तंग होतं. सरांनी त्या आठवड्यात तासाला पुस्तक उघडलं नाही. लाभक्षेत्रातल्या गावांची मुलं वर्गात होती. त्यांना एकेक करून बोलायला लावलं. कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात पोचलं, कुणाच्या नाही. पोचलं तिथे काळ्या मातीत त्याचा निचरा होतो की ते साचून राहतं. पाणी साचलं की पिकाचं काय होतं. एका मुलाला बोलता बोलता रडू आलं. सर त्याच्या बाकाशी जाऊन उभे राहिले, खांद्यावर हात ठेवून, तो शांत होईपर्यंत. मग फळ्याकडे गेले आणि काळ्या मातीतून पाणी किती मंद झिरपतं, निचऱ्याचे चर का लागतात, त्यांचा खर्च आराखड्यात कुठे धरायला हवा, हे शिकवायला लागले. इंजिनिअरिंग कशासाठी शिकायचं, हा प्रश्न त्या आठवड्यानंतर मला कधी पडला नाही.

मलप्रभेच्या कालव्यांवरून आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टींचं नाव निघे आणि सरांचा चेहरा उजळे. फुगणाऱ्या मातीतून कालवा काढला की अस्तर उचललं जातं, तडे जातात. कट्टींनी वर्षानुवर्षं प्रयोग करून एक उपाय दिला: काळ्या मातीवर सुमारे मीटरभर न फुगणाऱ्या, पण चिकट अशा मातीचा थर दाबून बसवायचा आणि मग अस्तर करायचं. तो वरचा थर खालच्या मातीला जागच्या जागी धरून ठेवतो. मलप्रभेच्या उजव्या कालव्यावर हे तंत्र वापरलं गेलं. कट्टींनी मातीशी भांडण न करता आधी तिचं वागणं पाहिलं, मोजलं, आणि मग मातीलाच कामाला लावलं, असं सर सांगत. आपल्या विषयातल्या दुसऱ्या माणसाच्या कामाचं इतकं भरभरून कौतुक करणारे प्राध्यापक मी पुढे फार थोडे पाहिले.

दिवाळीच्या पाडव्याला सरांच्या घरी जायचं हे ठरलेलं. कुणाचं बोलावणं नसे, तरी सगळे जमत. पुण्या-मुंबईला नोकऱ्या लागलेले, दुबईहून सुटीवर आलेले, आणि अजून शिकणारे. काकू दारातच "बर्री, बर्री" म्हणत आणि आत गेल्यावर मराठीत चौकशी करत. चकली, अनारसे, शेंगांची होळिगी, नंतर ठाकूर पेढा. खिडकीच्या कट्ट्यावर दगड मांडलेले असत. नवीन आलेल्याला सर त्यांतला एक चकचकीत पापुद्र्यांचा दगड हातात देत आणि सांगत की रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकानं एकोणिसाव्या शतकात या खडकांना आपल्या गावाचं नाव दिलं. आज जगभरात जिथे जिथे अतिप्राचीन खडकांचा अभ्यास होतो तिथे 'धारवाड' हा शब्द उच्चारला जातो. आपण मराठी शाळेत भूगोलात 'धारवाड खडक' पाठ करतो तो हाच. हे सांगताना सरांच्या आवाजात अभिमान असे, आणि तो फार गोड वाटे.

त्या फराळाच्या गर्दीतही कुणीतरी अनोळखी माणूस हातात फोटो किंवा कागदावर काढलेला घराचा नकाशा घेऊन दारात उभा असे. घराला तडे गेलेत, सर एकदा बघतात का? निवृत्तीनंतर तर हेच त्यांचं काम झालं. पैसे घेत नसत. घराभोवती फिरून ते आधी पाणी कुठे मुरतंय ते बघत: गळका नळ, भिंतीला लागून लावलेलं झाड, पागोळ्यांचं पाणी. काळ्या मातीवरच्या घराला ओलाव्याची चढउतार छळते. ती थांबली की निम्मं दुखणं बरं होतं. म्हणून घराभोवती उताराची फरसबंदी करा, झाड लांब न्या, पाणी दूर सोडा, हे त्यांचे पहिले उपाय. नवीन बांधणाऱ्याला सांगत की हालणाऱ्या थराच्या खाली जा, साधारण साडेतीन मीटर, आणि तळाशी फुगवटा असलेले अंडररीम्ड पाइल घाला. रुरकीच्या संशोधन संस्थेनं ते याच मातीसाठी रुजवलेत. सोलापूर, लातूर, परभणीकडे ज्यांची घरं आहेत त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. माती तीच आहे.

चिगरी नावाच्या जलद बसेससाठी हुबळी-धारवाड रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा सर ऐंशीच्या घरात होते. कडेनं खणलेल्या जागी ते रिक्षा थांबवायला लावत आणि उघड्या पडलेल्या थरांची नोंद वहीत करत: जागा, खोली, रंग, हाताला कशी लागते. अशा वह्या त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठेवल्या होत्या. कुणाच्या विहिरीचा खड्डा, कुणाच्या बंगल्याचा पाया, कुठे शाळेची इमारत. दोन्ही शहरांच्या पोटातली माती त्या वह्यांत गल्लीवार लिहिलेली आहे.

सर गेले त्याला आता काही वर्षं झाली. काकूंनी त्या वह्या सरांच्या एका विद्यार्थिनीकडे दिल्या. ती आता स्वतः सॉइल मेकॅनिक्स शिकवते, आणि आपल्या विद्यार्थ्यांकडून एकेक नोंद नकाशावर चढवून घेते आहे. उणकल तलावाच्या आजूबाजूचा आणि जुन्या हुबळीचा भाग अजून विरळ आहे. त्या भागात कुणी जुनं घर पाडून नवं बांधत असेल, तर पाया भरण्याआधी खड्ड्याचे फोटो काढा, खोली मोजा, आणि जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सिव्हिल विभागात नेऊन द्या. तिच्यापर्यंत ते पोचतील.